कुमरानची हस्तलिखितं: नव्याने शिकायला येणाऱ्यांसाठी

या विषयाकडे येणारे बरेच जण ‘दडवलेलं बायबल’ शोधायला येतात. तसलं काही हाती लागत नाही. १९४७ ते १९५६ या काळात मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या ११ गुहांत नऊशेच्या आसपास हस्तलिखितांचे अवशेष सापडले. त्यातली दोनशेहून जास्त हिब्रू बायबलच्या पुस्तकांची आहेत. बहुतेक म्हणजे नुसते तुकडे.

माझी सुरुवात यशया या बायबलच्या पुस्तकाच्या मोठ्या गुंडाळीपासून झाली, आणि विचारणाऱ्यालाही मी तीच सुचवतो. लांबी ७.३४ मीटर, ५४ स्तंभ, आणि जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमने सगळे फोटो फुकट पाहायला ठेवलेत. आपल्याला एक गोष्ट ओळखीची वाटते: अक्षरं आखलेल्या रेषेवर बसत नाहीत, रेषेखाली लोंबतात. छळतात ती वाव आणि योद ही हिब्रू अक्षरं. दोन्ही जवळपास सारखीच दिसतात, आणि संदर्भ कळण्याइतकं हिब्रू येत नसेल तर डोळे फोडून उपयोग नाही. म्हणून आधी हिब्रू, तेही व्याकरणासकट.

जरा वाचता यायला लागलं की ४०वा अध्याय काढा. ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे शब्द तिथे लागोपाठच्या दोन वचनांत येतात. मूळ लेखनिकाने एकदाच लिहिलेत. मधला मजकूर नंतर दुसऱ्याच कुणीतरी ओळींच्या फटीत आणि समासात कोंबलाय, देवाच्या नावाच्या जागी चार ठिपके देऊन. नजर घसरली, हे उघड वाटतं ना? पण हिब्रू बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही नेमका तेवढाच मजकूर नाही. मग गळला, की मागाहून शिरला? अभ्यासकांत अजून वाद आहे.

यिर्मया या दुसऱ्या पुस्तकाचं प्रकरण याहून मोठं. ग्रीक यिर्मया बराच आखूड, प्रकरणांचा क्रमही वेगळा. भाषांतरकाराने कात्री लावली असेल, असं म्हणायची सोय होती. चौथ्या गुहेतल्या हिब्रू तुकड्यांत तोच आखूड पाठ निघाला आणि ती सोय गेली. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या हिब्रूतच शेजारी शेजारी चालत होत्या.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाताळली असेल तर तळटीपांतले पाठभेद वाचायची सवय इथे कामी येते. फरक एवढाच, की तिथे संपादकांनी अनेक पोथ्यांतून पाठ निवडून संहिता सिद्ध केली. हिब्रू बायबलची नेहमी वापरली जाणारी आवृत्ती मात्र १००८ सालचं लेनिनग्राड हस्तलिखित जसंच्या तसं छापते आणि पाठभेद खाली देते.

ग्रीक दुसऱ्या वर्षी घेतलंत तरी चालेल. जर्मन मात्र वाचण्यापुरती लवकर शिका. बरेच जुने संशोधनलेख त्यात आहेत.