चालू सर्व्हरचा पॉवर सप्लाय कसा बदलावा

मागच्या बाजूला दोन पॉवर सप्लाय दिसले, म्हणजे सर्व्हर निर्धोक झाला असं नाही. एक गेल्यावर उरलेला एकटा सगळा भार पेलेल का, हे बघा आणि मगच बिघडलेल्याला हात लावा.

१. आयड्रॅक, आयएलओ किंवा तुमच्याकडे जो मॅनेजमेंट कंट्रोलर (सर्व्हरवर दुरून नजर ठेवणारी यंत्रणा) असेल त्यात कमाल वॅट बघा. आत्ताचा आकडा उपयोगाचा नाही. डेटाचा बॅकअप चालू असताना चढलेला हवा. समजा ८०० वॅटचे दोन सप्लाय आहेत आणि कमाल भार ९०० वॅट आहे. दोघांवर साधारण साडेचारशे-साडेचारशे येतात, दिवे हिरवे राहतात, महिनोन्‌महिने कुणाला शंका येत नाही. एक बंद पडला की दुसऱ्याच्या गळ्यात पूर्ण ९०० पडतात. मग सर्व्हर प्रोसेसरचा वेग तरी उतरवतो, नाहीतर सरळ बंद होतो.

२. दोन्ही केबलवरून हात फिरवत शेवटच्या सॉकेटपर्यंत जा. चिकटवलेल्या लेबलवर विसंबू नका. दोन्ही केबल वेगवेगळ्या पीडीयूत (रॅकमधल्या सर्व्हरना वीज वाटणाऱ्या सॉकेटच्या पट्टीत) आणि ते पीडीयू वेगवेगळ्या यूपीएसवर हवेत. इथे सगळ्यात महागात पडणारी चूक होते: १६ अँपिअरच्या दोन पीडीयूंवर प्रत्येकी १० अँपिअर भार असतो. एक बाजू गेली की दुसरीवर २० येतात, ब्रेकर पडतो आणि अख्खा रॅक अंधारात जातो.

३. कंट्रोलरचा लॉग वाचा. ‘इनपुट लॉस्ट’ (सप्लायपर्यंत वीज येत नाही) अशी नोंद असेल, तर आधी केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवून बघा. पुष्कळदा सप्लायमध्ये काहीच बिघाड नसतो.

४. नवा सप्लाय त्याच वॅटचा आणि त्या सर्व्हरला चालणाराच घ्या. तो खोक्यातून काढून हाताशी ठेवा, कारण रिकाम्या खणामुळे आतल्या हवेचा मार्ग बदलतो आणि तापमान चढतं.

५. शेजारच्या चांगल्या सप्लायचा दिवा हिरवा असल्याची खात्री करा. बिघडलेल्याची केबल काढा, दिवा विझू द्या, खटका दाबून हँडल ओढा आणि दुसरा हात खालून द्या. धातू तापलेला असतो. टॉर्चने खणात नीट बघा. संपर्कपट्ट्या काळवंडल्या असतील तर नवा आत सारू नका, बिघाड बोर्डाच्या बाजूचा असू शकतो.

६. नवा सरळ रेषेत, ‘खट्’ आवाज येईपर्यंत ढकला. केबल लावून पट्टा आवळा. हॉट स्पेअर (एक सप्लाय राखीव ठेवणारं) सेटिंग चालू असेल तर एक सप्लाय जवळपास शून्य वॅट दाखवेल. तो बिघाड नव्हे.

७. मेंटेनन्सच्या वेळेत ‘ए’ बाजूची, म्हणजे दोन सप्लायपैकी एकाची, केबल काढून दहा मिनिटं सर्व्हर चालू द्या. ती परत लावा, कंट्रोलरवर रिडंडन्सी (एक गेला तरी दुसरा सांभाळेल अशी स्थिती) पूर्ववत झाल्याचं दिसू द्या आणि मगच दुसऱ्या, ‘बी’ बाजूची काढा.