शिअर लॅग हातानं कसा चेक करायचा: बीम, पूल आणि गोडाऊनचा अँगल

शिअर लॅग, म्हणजे सेक्शनच्या सगळ्या रुंदीत स्ट्रेस सारखा न पोचणं, म्हटलं की पोरं डायरेक्ट शिकागोच्या टॉवरवर जातात. इंजिनिअर फजलूर खानांचा सिअर्स टॉवर (आताचा विलिस टॉवर), नऊ ट्यूब एकत्र बांधल्या म्हणून लॅग कमी झाला वगैरे सगळं पाठ असतं. छानच आहे ते, पण सांगली-कुपवाडला बसून डिझाइन करणाऱ्याला हा प्रकार साध्या स्लॅबच्या बीममध्ये आणि शेडच्या ट्रसमध्येच भेटतो, आणि तिथंच तो बघायचा राहून जातो.

आधी होतं काय ते बघू. बीम वाकला की वरच्या स्लॅबमध्ये कॉम्प्रेशन येतं, पण ते येतं वेबमधून, म्हणजे बीमच्या उभ्या भागातून, शिअरच्या वाटेनं. सतरंजी एका कडेला मधोमध धरून ओढली की मधला भाग पुढं येतो आणि कोपरे मागं रेंगाळतात, तसंच इथं, वेबजवळ स्ट्रेस जास्त आणि लांब जाल तसा कमी. म्हणून सगळी स्लॅब न धरता इफेक्टिव्ह विड्थ धरायची, म्हणजे वेबजवळचा जास्तीचा स्ट्रेस एकसारखा पकडून तेवढाच एकूण फोर्स येईल इतकी रुंदी.

बिल्डिंगच्या टी-बीमला (बीम आणि वरची स्लॅब मिळून टी आकार) काँक्रीटच्या कोडचा, आयएस ४५६ चा फॉर्म्युला: एल झिरो भागिले ६, अधिक बीमची रुंदी, अधिक स्लॅबच्या जाडीच्या ६ पट. एल झिरो म्हणजे झिरो मोमेंटच्या (जिथं वाकवणारा जोर शून्य होतो त्या) दोन पॉइंटमधलं अंतर, कंटिन्युअस बीमला स्पॅनच्या ०.७ पट धरा. समजा स्पॅन ६ मीटर, बीम २३० मिमी, स्लॅब १२५ मिमी. एल झिरो ४.२ मीटर, म्हणजे ०.७ अधिक ०.२३ अधिक ०.७५, झाले १.६८ मीटर. बीम साडेतीन मीटरवर असले तरी एवढंच मिळणार, निम्मंसुद्धा नाही. आणि सॉफ्टवेअरमध्ये स्लॅब शेल (पातळ पृष्ठभागाचा एलिमेंट) म्हणून घातली असेल तर बीमला परत टी-सेक्शन देऊ नका, स्लॅब दोनदा मोजली जाते, हे मी तपासायला आलेल्या मॉडेलमध्ये सारखं बघतो.

आता पूल, खरी गंमत इथं आहे. काँक्रीट पुलांच्या कोडप्रमाणं, आयआरसी ११२ प्रमाणं, वेबच्या प्रत्येक बाजूला ०.२ गुणिले त्या बाजूची उपलब्ध रुंदी अधिक ०.१ गुणिले एल झिरो, पण एल झिरोच्या ०.२ पटीपेक्षा जास्त नाही आणि उपलब्ध रुंदीपेक्षाही जास्त नाही. गर्डर ३ मीटरवर, वेब ३०० मिमी, म्हणजे एका बाजूला उपलब्ध रुंदी मोकळ्या अंतराच्या निम्मी, १.३५ मीटर. २० मीटरचा सिंपली सपोर्टेड स्पॅन घेतला तर ०.२७ अधिक २ म्हणजे २.२७ येतं, १.३५ च्या वर, मग पूर्ण डेक धरा, शिअर लॅग विसरा. पण असेच २० मीटरचे दोन स्पॅन जोडून पूल कंटिन्युअस केला की मधल्या पिअरवर (खांबावर) एल झिरो होतो ०.१५ गुणिले दोन्ही स्पॅनची बेरीज, म्हणजे फक्त ६ मीटर. मग बाजूला ०.२७ अधिक ०.६, म्हणजे ०.८७, आणि दोन्ही बाजू अधिक वेब मिळून २.०४ मीटर, ३ पैकी. म्हणून पिअरवरचं वरचं स्टील सगळ्या डेकवर सारखं पसरू नका, बरंचसं वेबजवळ ठेवा.

शेवटी अँगल. हळदीच्या गोडाऊनचा ट्रस डोळ्यासमोर आणा, अँगलचा (एल आकाराच्या स्टीलचा) एकच लेग गसेटला, म्हणजे जोडाच्या प्लेटला, बोल्ट केलेला. टेन्शन येतं त्या लेगमधून आणि मोकळा लेग जॉइंटजवळ अर्धवटच कामाला लागतो. स्टीलच्या कोडमध्ये, आयएस ८०० मध्ये, यासाठी बीटा हा फॅक्टर आहे: १.४ वजा ०.०७६ गुणिले मोकळ्या लेगची रुंदी भागिले जाडी, गुणिले एफवाय भागिले एफयू, गुणिले बीएस भागिले एलसी, आणि तो ०.७ च्या खाली धरायचा नाही. एफवाय म्हणजे स्टीलचा यील्ड स्ट्रेस, एफयू म्हणजे तुटण्याचा अल्टिमेट स्ट्रेस. बीएस म्हणजे मोकळ्या लेगच्या टोकापासून बोल्टच्या ओळीपर्यंतचं अंतर, दोन्ही लेगवरून मोजलेलं, जाडी वजा करून. एलसी म्हणजे पहिल्या ते शेवटच्या बोल्टमधलं अंतर. ७५ बाय ७५ बाय ६ चा अँगल, १६ मिमीचे तीन बोल्ट ५० पिचवर (एकमेकांतलं अंतर), गेज ४० (अँगलच्या कोपऱ्यापासून बोल्टच्या ओळीपर्यंत), एफवाय २५० आणि एफयू ४१०: बीएस १०९, एलसी १००, बीटा ०.७७. रप्चरची (बोल्टच्या भोकाजवळ तुटण्याची) ताकद साधारण १७१ किलोन्यूटन, ग्रॉस सेक्शनच्या यील्डिंगची १९७. चौथा बोल्ट टाकला की एलसी १५०, बीटा ०.९८ आणि ताकद १९२ च्या आसपास. अँगल तोच, फक्त जॉइंट ५० मिमी लांब झाला. बोल्टची स्वतःची ताकद, बेअरिंग (भोकाच्या कडेवरचा दाब) आणि ब्लॉक शिअर (बोल्टसकट तुकडा फाटून निघणं) वेगळं चेक करायचंच, बऱ्याचदा तेच आधी गव्हर्न करतं.

घाईत अंदाज हवा असेल तर त्याच कोडमधला अल्फा वापरा: एक-दोन बोल्टला ०.६, तीनला ०.७, चार किंवा जास्त असतील तर ०.८, आणि तो नेट एरियाला (भोकं वजा केलेल्या क्षेत्रफळाला) लावा. कोटेशनपुरतं ठीक आहे, ड्रॉइंगवर सही करायच्या आधी मात्र बीटा काढा.