घरातल्या सिनेमाच्या जुन्या रेकॉर्डी विकताना (पुरात भिजलेल्यासुद्धा)

मागच्या महिन्यात एका मित्राचा फोन आला, आजोबांच्या सिनेमाच्या साठेक रेकॉर्डी आहेत, एकदम मिंट कंडिशन, किती येतील? म्हटलं आधी घेऊन ये. आणल्या तर निम्म्या कव्हरांवर खालून चार बोटं उंचीची मातकट रेघ. घर सांगलीच्या गावभागात, २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलेलं, त्याची ती रेघ. याला भाऊ मिंट म्हणत होता. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी ढीग वेगळे करा. मोठी १२ इंची ती एलपी, मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या स्पीडची. लहान ७ इंची ती ईपी, ४५ ची, बहुतेक चार गाण्यांची. आणि जड, हातातून पडली की काचेसारखी फुटणारी ती ७८ ची लाखेची. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीच लावून बघू नका, ती स्टीलची सुई एका फेरीतच खाचा खरवडून काढते.

मग प्रत्येक कव्हरमधून रेकॉर्ड बाहेर काढून लेबल वाचा. हसू नका, हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच रेकॉर्डी साउंड सर्व्हिसवाल्यांकडून आलेल्या असतात, गणपतीत, लग्नात, जत्रेत वाजलेल्या, आणि मांडवात घाईत कुठली कुठल्या कव्हरात गेली याला हिशेब नाही. 'शोले'ची तर पॉलिडोर कंपनीने गाण्यांची वेगळी आणि डायलॉगची वेगळी काढलेली, त्यामुळे नुसतं 'शोलेची एलपी' लिहून भागत नाही. लेबलवरचा नंबर आणि शेवटच्या गाण्यानंतरच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला नंबर, दोन्ही उतरवून घ्या. जुन्या सिनेमांच्या रेकॉर्डी आता नव्यानेही छापल्या जातात, त्यामुळे जुनी प्रत का नवी हे गिऱ्हाईक विचारणारच.

आता ग्रेडिंग. विकणारे-घेणारे सगळे गोल्डमाइन या अमेरिकन रेकॉर्ड-मासिकाची पद्धत धरतात, डिस्कॉग्स या रेकॉर्डी विकण्याच्या वेबसाइटवर पण तीच चालते. मिंट म्हणजे न वाजलेली, तो शब्द तुम्ही विसरूनच जा. निअर मिंट म्हणजे जवळजवळ नवी. व्हीजी प्लस (व्हेरी गुड प्लस) म्हणजे बारीक खुणा आहेत पण गाण्यात त्रास नाही. व्हीजी म्हणजे करकर ऐकू येते. आणि गुड म्हणजे अजिबात गुड नाही, काठावर पास, इथेच नवीन माणूस फसतो. त्याखाली पुअर, ती भिंतीवर लावायला. कव्हरचा ग्रेड कायम वेगळा द्यायचा.

ट्यूबलाइटखाली ग्रेड ठरवू नका, त्या पसरट उजेडात सगळंच चकाचक दिसतं. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि रेकॉर्ड हळूहळू तिरकी करत फिरवा, मग केसाएवढे चरे वर येतात. चऱ्यावरून नख फिरवा, नख अडलं तर तो ऐकू येणार म्हणून समजा. एलपीवर आडवा चरा असेल तर दर १.८ सेकंदाला एक 'टक्', कारण तेवढ्यात तिची एक फेरी होते. हे मी पैसे भरून शिकलोय. एक एलपी ट्यूबलाइटखाली बघून व्हीजी प्लस लिहिली, पुण्याच्या गिऱ्हाइकाने गाणं रेकॉर्ड करून पाठवलं, पहिलं अख्खं मिनिट टक् टक् टक्. पैसे परत, वर येण्याजाण्याचं कुरिअर माझ्याच खिशातून.

चरा नसला तरी खाचा राखाडी दिसत असतील तर जड पिनेने झिजलेली आहे. अशी रेकॉर्ड आतल्या बाजूचं शेवटचं गाणं लावून तपासा. तिथे खाचेचा घेर लहान होतो, झीज आधी तिथेच कळते, गाणाऱ्याचा 'स' फाटतो. मधल्या भोकाभोवती लेबलवर ओरखड्यांचं जाळं असेल तर ती भरपूर वाजलेली आहे, मालक काहीही सांगू दे.

पुरातल्या रेकॉर्डीचं काय? सुक्या फडक्याने पुसायचं नाही, एवढं ऐकाच. खाचेत बसलेला गाळ म्हणजे बारीक वाळू, तुम्ही पुसत नाही, पॉलिश पेपर मारताय. कव्हर आत चिकटलं असेल तर ओढू नका, ते तसंही गेलेलंच आहे, भिजवून सोडवा. लेबलवर प्लास्टिकचं झाकण दाबून धरा, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि रंगाच्या मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल गोल. पहिल्या पाण्यात चहासारखा रंग उतरतो. नुसत्या पाण्याने परत धुवा, सावलीत उभी करून वाळवा. ७८ च्या रेकॉर्डीला स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते. मित्राच्या सहा एलपी अशा धुतल्या, चार व्हीजी निघाल्या, दोनमधे गाळ गेला पण करकर त्याहून जास्त राहिली. विकताना स्पष्ट लिहिलं, 'पुरात भिजलेली, धुतलेली, कव्हर पुअर, रेघेचा फोटो बघा'. तरी गेल्या, कारण गाणी हवी असणारा माणूस कव्हर बघत नाही.

भाव ठरवताना लोक मागतात तो आकडा बघू नका, खरोखर विकली गेली तो बघा. आर. डी. बर्मनच्या सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डींना बाहेरदेशीही गिऱ्हाईक आहे. 'सदाबहार गाणी' छाप निवडक संग्रह ढिगाने पडलेत, त्यांचे गठ्ठे करूनच द्या. आणि दोन ग्रेडमधे अडलात तर खालचा लिहा.

पॅकिंगला रेकॉर्ड कव्हरच्या आत ठेवायची नाही, आतल्या कागदी पिशवीसकट बाहेर काढून कव्हरच्या मागे लावायची, नाहीतर पार्सल आपटलं की तिची कड कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. दोन्ही बाजूंना खोक्याचे जाड पुठ्ठे, रेकॉर्डपेक्षा दोन बोटं मोठे, मग टेप. एप्रिल-मे मधे पार्सल स्कूटरच्या डिकीत ठेवून कामं करत फिरू नका, एलपीचा पापड होतो. जून लागला की पुठ्ठ्यावरून आधी प्लास्टिक, मग वरचा कागद.