डोंगरात खाऱ्या पाण्याची विहीर काढून मीठ कसं बनवायचे

आपल्याकडे उरण-पेणच्या मिठागरात सगळं काम ऊन करतं, पण समुद्र शेकडो मैल लांब आणि हवा दमट असेल तर? अमेरिकेत आजच्या वेस्ट व्हर्जिनियात, कनाव्हा नदीकाठी, लोकांनी हे कसं जमवलं ते सांगतो, मला ही पद्धत फार आवडते.

आधी जागा बघायची. हरणं, बायसन जिथे जमीन चाटायला येतात तिथे खाली खारं पाणी असण्याची शक्यता असते. नुसता खड्डा खणला तर पाणी मिळतं पण पातळ, शेजारच्या केंटकी राज्यात ब्लू लिक्स या ठिकाणी एक बुशेल म्हणजे साधारण 23 किलो मिठासाठी 840 गॅलन, तीन हजार लिटरच्या वर पाणी आटवायला लागायचं, विचार करा किती लाकूड जळत असेल!

म्हणून खरी मेहनत विहिरीवर घ्यायची. कनाव्हाकाठी मीठ काढणाऱ्या डेव्हिड आणि जोसेफ रफनर या भावांनी सायकामोर झाडाचा मोठा पोकळ ओंडका उभा केला, आत माणूस उतरवून माती काढत काढत तो खडकापर्यंत खाली नेला, म्हणजे बाजूचं नदीचं पाणी आत येत नाही. मग लांब लवचिक खांबाच्या टोकाला लोखंडी छिन्नी टांगली आणि खांब दाबायचा, सोडायचा, असं ठोकत ठोकत 40 फूट खडक फोडला. एकूण 58 फूट, आणि 1808 च्या सुरुवातीला दाट खारं पाणी लागलं. तरी वरचं गोडं पाणी मिसळतच होतं, तर लाकडाच्या दोन लांब पट्ट्या आतून कोरून, जोडून, सुतळी गुंडाळून नळी केली आणि भोकात घट्ट बसवली. ही पायरी अजिबात सोडायची नाही, पाणी पातळ झालं की पुढचं सरपण फुकट जातं.

पुढचं सोपं पण कष्टाचं. लांब भट्टीवर ओळीने लोखंडी कढया ठेवायच्या, सतत ढवळत राहायचं. पुढे कनाव्हाच्या भट्ट्यांवर हे काम बरंचसं गुलाम केलेल्या कृष्णवर्णीय लोकांकडून करून घेतलं, हे विसरता येत नाही. पाणी तापलं की त्यातल्या लोहामुळे तांबूस होतं, तेव्हा ढवळणं थांबवून गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या कढईत घ्या. दाणे धरायला लागले की आच कमी करा, मीठ उपसून टोपलीत निथळायला ठेवा आणि खाली गळणारं कडू पाणी परत कढईत ओतू नका.