लेदरचं रायडिंग जॅकेट घ्यायला निघण्याआधी

हेल्मेट आहे असं धरून चालतो. नसेल तर आधी ते घ्या, जॅकेटचं नंतर बघू.

दुकानात बाइकवरच जा. रिक्षाने नको, मित्राच्या कारमधूनही नको. जॅकेट अंगात चढवलं की दुकानदाराला सांगून खाली पार्किंगमध्ये या, स्वतःच्या बाइकवर बसा, हँडल धरा आणि पाच मिनिटं तसेच बसून राहा. मागच्या वेळी मी नेमकं हेच केलं नाही. आरशासमोर झकास बसलेलं जॅकेट कसारा घाट उतरेपर्यंत मनगटावरून चार बोटं वर गेलं, मागून कंबर उघडी पडली आणि कोपराचा आर्मर, म्हणजे धक्का शोषणारं पॅड, दंडावर जाऊन बसला. पडलो असतो तर त्या आर्मरचा काय उपयोग?

चांगल्या रायडिंग जॅकेटच्या बाह्या मुळातच कोपरात वाकवून शिवलेल्या असतात आणि पाठ पुढच्या भागापेक्षा थोडी लांब असते. त्यामुळे उभं राहिल्यावर ते जरा विचित्रच वाटतं. वाटू दे. बाइकवर बसल्यावर मनगट झाकलेलं हवं, मान वळवताना कॉलर काचायला नको. बुलेटवर सरळ बसणाऱ्याचं माप आणि टाकीवर वाकून चालवणाऱ्याचं माप वेगळं, म्हणून दुकानातल्या डेमो बाइकवर भागवू नका. स्वतःची बाइक.

चामडं साधारण १.१ ते १.३ मिलिमीटर जाड हवं. फॅशनची जॅकेटं मऊ, हलकी आणि बहुधा एक मिलिमीटरच्या आतली असतात. ती लग्नाला घाला. ‘प्युअर लेदर’ या शब्दावर जाऊ नका. आतल्या खिशाजवळ कुठेतरी कापलेली कड उघडी सापडते, ती नखाने जरा उलगडा. खऱ्या चामड्याचे रेशे दिसतात, नकली मालाच्या मागे सरळ कापड निघतं. शिवण खांद्यावर आणि कोपरावर दुहेरी-तिहेरी हवी, कारण घसरताना चामडं टिकलं आणि टाके उसवले तर अंग रस्त्यावरच येणार. लेबलवर ईएन १७०९२ (रायडिंगच्या कपड्यांचं युरोपियन सुरक्षा मानक) शोधा: ट्रिपल ए सगळ्यात वरचं, मग डबल ए, मग ए. त्याखालच्या बी वर्गात आर्मरची अटच नाही. आर्मरवर त्याचं वेगळं मानक ईएन १६२१ आणि लेव्हल १ किंवा २ छापलेलं असतं. २ जास्त धक्का शोषतो. पाठीचा कप्पा उघडून आतला तुकडा हातात घ्या. बऱ्याच जॅकेटांत तिथे नुसता फोम भरलेला असतो, पाठीचा आर्मर वेगळा विकत घ्यावा लागतो. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही.

उन्हाळ्यात नाशिकच्या द्वारका सर्कलला सिग्नलला थांबलात की अंगाची भट्टी होते, तेव्हा छातीवर बारीक छिद्रांचं लेदर घ्या. खांदे आणि कोपर मात्र अखंडच हवेत. थंडीत आत थर्मल घालायचं म्हणून एक साइज मोठं घेऊ नका. लेदर वापराने सैल पडतंच, आणि सैल बाहीत आर्मर फिरतो. हवं तर थर्मल घालूनच दुकानात जा आणि, परत सांगतो, बाइकवर बसून बघा. ऑनलाइन मागवलंत तर टॅग काढण्याआधी बिल्डिंगखाली जाऊन बसा. लोक हसतील, हसू दे.

बाकीचं पटकन. पँट असेल तर दोन्ही जोडणारी कमरेची चेन जुळते का बघा. ग्लोव्हज मनगटावर आवळता येणारे. बूट घोट्याच्या वर. इगतपुरीच्या पावसासाठी वरून रेनकोट, लेदर भिजवायचं नाही. भिजलंच तर रुंद हँगरवर, सावलीत, पंख्याखाली. उन्हात किंवा हीटरसमोर कडक होऊन तडकतं. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते.