गोव्यात लेखनाची कामे शोधायची ती पावसाळ्यात

गोव्यातला पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. डिसेंबरात होमस्टेच्या मालकाला फोन घ्यायलाही फुरसत नसते. जून ते ऑगस्टमध्ये मात्र खोल्यांची डागडुजी चालते, वेबसाइटही तेव्हाच बदलली जाते. त्याच काळात त्यांना गाठा. चतुर्थीचा आठवडा तेवढा सोडा.

आधी एकच क्षेत्र निवडा: किनाऱ्यालगतचे होमस्टे, फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागायती, वेर्ण्याचे कारखाने किंवा स्मरणिका काढणाऱ्या देवस्थान समित्या. ‘काहीही लिहून देतो’ म्हणणारा कोणाच्याच लक्षात राहत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांनी होमस्टेपासून सुरुवात करावी असे आम्हाला वाटते. पुण्या-कोल्हापूरकडून कुटुंबे येतात, पण त्यांना हवी ती माहिती बहुधा मराठीत नसते.

आता गूगल मॅप्सवरून 30 नावे वहीत उतरवा. नाव, फोन, आणि तिसऱ्या रकान्यात त्यांच्या मजकुरातली नेमकी उणीव. थिवी स्टेशनवरून कसे यायचे? शाकाहारी जेवण मिळते का? गाडी कुठे लावायची? हे लिहिलेले नसले की मालकाला तेच ते फोनवर सांगत बसावे लागते. तुमचे काम त्याला पटते ते इथेच.

त्यांतल्या पाच जणांसाठी प्रत्येकी 100 शब्दांचा नमुना लिहा. अख्खे पान फुकट देऊ नका. ते वापरले जाते आणि पुढचे काम येत नाही. नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींच्या निरोपासोबत पाठवा: उणीव कोणती, तुम्ही काय बदलले, पूर्ण कामाचे किती घ्याल, किती दिवसांत द्याल. दुपारी एक ते चार फोन नको, ती विश्रांतीची वेळ. आठवड्याने एकदाच आठवण करा. जवळ असेल तर समक्ष जा. गोव्यात ओळख झाली की निम्मे काम झाले.

दर शब्दावर न लावता कामावर लावा. अर्धे पैसे आगाऊ, दुरुस्त्या दोनदाच, आणि हे सगळे लेखी. नाहीतर मालक, त्याचा मुलगा, वेबसाइटवाला असे तिघेही बदल सुचवत राहतात आणि बिल लांबते. कंपन्यांची कामे घेणार असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती मोफत असते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे, करारात काहीही मुदत असली तरी, काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांत द्यावे लागतात. बिलावर नोंदणी क्रमांक छापा.

मजकूर वेबसाइटवर चढला की त्याच दिवशी मालकाकडे आणखी दोन नावे मागा.