हाताला दात लागला तर आधी नळाखाली धरा

ग्रामीण रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत मी 26 वर्षं काढली. कुत्रं चावलेला माणूस आला की पहिलं विचारायची, "धुतलंस का?" उत्तर ठरलेलं, "हळद भरलीय सिस्टर." मग ती हळद काढण्यातच वेळ जायचा. हळद, चुना, मिरची, मिसरी, काही म्हणजे काही भरू नका.

अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. सूज चढली की अंगठी कापावी लागते. मग वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळात बघून 15 मिनिटं धुवा. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. ठणकतं, लहान मूल रडतं, तरी थांबू नका. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावून स्वच्छ कापड सैल बांधा. टाके घाला म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. हातावरची चावलेली जखम बहुधा उघडीच ठेवतात, नाहीतर घाण आत कोंडते.

कुत्रं, मांजर, माकड यांपैकी काही चावलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात कातडीत लस टोचतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिला दिवस शून्य धरायचा. दात रुतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं, थेट जखमेत आणि तिच्याभोवती भरतात. बोटाच्या टोकाला ते फार दुखतं, तरी नको म्हणू नका. "कुत्रं घरचं आहे, दहा दिवस बघू" असं म्हणून पहिली सुई लांबवू नका. सुई आधी घ्या, कुत्र्यावर नजर नंतर ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही सांगा.

मांजराचा दात सुईसारखा. वरून टिंब दिसतं, पण ते पार सांध्यापर्यंत गेलेलं असतं. भोक वरून मिटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात लालभडक होतो.

माझ्या मनातून जात नाही ती मात्र माणसाच्या दाताची जखम. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला. मधल्या बोटाच्या मुळाशी, मूठ वळल्यावर वर येणाऱ्या हाडावर, अर्ध्या सेंटिमीटरची चीर. "गाडीचा पत्रा लागला," म्हणाला. मी पट्टी केली आणि पाठवून दिलं. चौथ्या दिवशी तो हात छातीशी धरून आला, सांध्यात पू. भांडणात बुक्की मारली होती, समोरच्याचा दात लागला होता. मी त्याला मूठ वळायला लावलीच नव्हती. मूठ वळलेली असताना दात बोट ओढणाऱ्या दोराला आणि सांध्याला भिडतो. मूठ उघडली की दोर मागे सरकतो आणि तोंडातले जंतू आत घेऊन जातो. त्याचं ते बोट पुन्हा पूर्ण वळलं नाही.

म्हणून खरं सांगा. आम्ही पोलीस नाही. बुक्कीची जखम असेल तर एक्स-रे लागतो, दाताचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. गोळ्याही वेगळ्या, साधारणपणे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट. घरात उरलेली कुठली तरी अँटिबायोटिक घेऊ नका. पेनिसिलिन सोसत नसेल, मधुमेह असेल, तर आधीच बोला. हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, तेही.

रात्री हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा. सकाळी लाली रेघेबाहेर गेली, काखेत अवधान म्हणजे दुखरी गाठ आली, किंवा बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून वाकलेलंच राहिलं आणि सरळ करताना जीव जातोय असं वाटलं, तर ओपीडीच्या रांगेत बसू नका. थेट अपघात विभागात जा आणि ती रेघ दाखवा.